हवेतला आडवा आठ

मेश्राम सरांच्या शोकसभेत जे जे बोलले, त्या सगळ्यांनी आधी अमेरिका घेतली. परदेशात नाव काढलेले, विलायती गाड्यांवर काम केलेले, आपल्या वस्तीचं भूषण. एकाने तर त्यांना शास्त्रज्ञच करून टाकलं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि माझे दात आवळले जात होते. छोट्या लाईनचे रूळ सभेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. सभेला आलेली निम्मी माणसं ते रूळ ओलांडून आली होती. पण रुळांचं नाव एकानेही काढलं नाही. भूषण म्हणून टाकलं की सोपं होतं. मग त्या माणसाला काय हवं होतं, हे विचारावं लागत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. मला पत्रकं लिहायची सवय आहे, माणसं लिहायची नाही. पत्रकात मागणी असते, धिक्कार असतो आणि शेवटी सभेची जागा असते. सरांच्या बाबतीत यातलं काहीच धड बसत नाही. त्यांनी आयुष्यात एकच मागणी केली आणि तीसुद्धा झोपेत बोलावं तशा आवाजात.

उंच माणूस, जरासा पुढे वाकलेला. पांढरा बुशशर्ट, पायात चपला, हिवाळ्यात गळ्याला बायकोने विणलेला तपकिरी मफलर. पॉलिटेक्निकात यंत्रांचं ड्रॉइंग शिकवायचे. बोलता बोलता मध्येच थांबायचे. ऐकणाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघायचे, आणि उजव्या हाताचं बोट आपोआप हवेत फिरायला लागायचं. इंग्रजी आठाचा आकडा आडवा पाडावा, तसं. डावीकडे वळसा, मध्ये छेद, उजवीकडे वळसा, पुन्हा मध्ये. सावकाश, न थांबता. फळ्याजवळ असले तर खडूचा आठ फळ्यावर उमटायचा आणि पोरं हसायची. कोपऱ्यावरचा चहावाला ते बोट बघून आत ओरडायचा, "अमेरिकाभाऊचा चहा थांबव रे. आत्ताच गेले तिकडं. आले का देजो."

वस्तीत त्यांना अमेरिकाभाऊ म्हणत. नळाला पाणी आलं नाही की कुणीतरी हटकून विचारायचं, "काय गा अमेरिकाभाऊ, तिकडच्या नळाले येऊन राह्यलं का पाणी?" सर हसायचे. म्हणायचे, "तिकडं गाडीतही यायचं. बर्फाचं."

ही थट्टा नव्हती. ते खरंच होतं, पण त्याकडे नंतर येते.

आमची ओळख झाली ती एका चित्रावरून. आमच्या तरुण मंडळाने रुळांवर फाटक मागायचं ठरवलं होतं. वस्तीतून पलीकडे जायला एक उघडी वाट आहे. तिला ना फाटक, ना माणूस. एक गंजलेला बोर्ड आहे, तोही वाकडा. माणसं कामावर जातात त्याच वाटेने, पोरं शाळेत जातात त्याच वाटेने, बुद्धविहारही पलीकडेच. मी पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरात 'किती बळी हवेत?' आणि खाली चित्र: धूर ओकत येणारं काळं इंजिन आणि त्याच्यापुढे एक लहान मूल. मला ते चित्र फार आवडलं होतं. सह्या गोळा करत मी सरांच्या दारात गेले. ते ओट्यावर बसले होते. पत्रक त्यांनी लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं.

"चित्र चांगलं आहे," ते म्हणाले. "पण ही गाडी येणार नाही."

"म्हणजे?"

"ही चाललीय. जी येतेय ती डिझेलची. तिला धूर नाही. म्हणजे असतो, पण इथून दिसण्यासारखा नाही." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या चित्रातल्या धुरावर हलकीशी काट मारली.

मी चिडले. म्हटलं, "सर, इथं माणसं मरतील आणि तुम्ही धुराचं घेऊन बसलात?"

"धुरामुळंच मरतील," ते म्हणाले. "तो नाही म्हणून."

आणि बोट फिरायला लागलं. मी सही न घेताच उठले. आत्मसंतुष्ट मध्यमवर्ग म्हणतात तो हाच, असं मंडळात येऊन सांगितलं. तेव्हा मला असली वाक्यं पाठ होती.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः पत्रक मागायला आले. सही केली आणि म्हणाले, "कार्यकर्त्या बाई, पहाटे रुळांवर या. धूर दाखवतो."

गेले. थंडीचे दिवस होते, शेतावरून आणि नाल्यावरून धुकं गुडघाभर उठलेलं. रूळ तिथून पार सरळ जातात आणि लांब टोकाला एक चिंचेचं झाड आहे. वाटेवर माणसं येत होती, जात होती. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं: रुळांशी आल्यावर कुणीही रुळांकडे बघत नव्हतं. सगळे मान वर करून चिंचेच्या शेंड्याकडे बघत होते. शेंड्यावर धूर नसला की पाय टाकत होते. धूर दिसला की बैलबंडी थांबवून बिडी पेटवत होते.

"कान का देत नाहीत?" मी विचारलं.

"कुठले कान?" सर म्हणाले. "अर्धी वस्ती मिलच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात गेली. कान तिथं ठेवूनच सगळे बाहेर पडले. माझ्या मायला विचार."

त्यांची माय, तान्हाबाई, तेवढ्यात वाटेवर आलीच. बुटकी, ताठ, हातात खराटा. तरुणपणापासून मिलमध्ये होती. मोठा आवाज झाला तर तिची मान हलायची, पण तो कुठून आला ते कळायचं नाही. ती रोज पहाटे पलीकडच्या विहाराचं अंगण झाडायची. तिला कुणी हे काम दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "कोणाची वं तू पोरगी? इतक्या थंडीत काहून उभी हायस? हा पोट्टा तुले धूर दाखवून राह्यला काय?"

पोट्टा म्हणजे पन्नाशीला टेकलेले सर. ते मान खाली घालून हसत होते.

अमेरिकेहून ते परत का आले याची वस्तीत बरीच कारणं सांगितली जात. खरं कारण तान्हाबाईने मला सांगितलं. "हा म्हणे, माय चल तिकडं. मी म्हटलं, तिकडं माह्याशी बोलंन कोण? तिथं लोक हळू बोलतात म्हणते. इथं सगळे बहिरे हायत, सगळे ओरडून बोलतात. मले ऐकू येते."

अमेरिकेचं सर सांगायचे ते उन्हं उतरताना, ओट्यावर, तुकड्या-तुकड्यांत. एकदम सलग कधी नाही. युरोपातली एक डिझेलची प्रवासी गाडी अमेरिकेच्या रुळांवर चालवायचं तिथल्या एका कंपनीने ठरवलं होतं. सर शिकायला म्हणून गेलेले, त्या कारखान्यात कामाला लागले. ते सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटायचे.

"माशासारखी गाडी होती. दोन्ही टोकांना इंजिन, पण इंजिन वाटायचंच नाही. जहाजातून उतरवली, रुळांवर ठेवली. रुळांची रुंदी तीच, चाकं अशी बसली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं की ही इथली नाही."

तिकडचे फलाट बुटके. गाडीचं दार उंच. म्हाताऱ्या माणसाला चढताच येईना. मग पायऱ्या लावा. ती बंद पडली तर तिथलं इंजिन तिला ओढून नेऊ शकेना, कारण डब्यांची जोडणीच वेगळी. मग ती बदला. तिथला नियम असा, की टक्कर झाली तरी डबा चुरगळता कामा नये. मग पोलाद भरा. पिसासारखी गाडी जड झाली, वळणावरचा तिचा डौल गेला. तिथल्या माणसांना गाडीत बर्फाचं पाणी लागतं, म्हणून त्याचा नळ. स्टेशनात शिरताना घंटा वाजलीच पाहिजे, म्हणून घंटा.

"माशाच्या गळ्यात घंटा," सर म्हणायचे आणि स्वतःशीच हसायचे. "इंजिनवाले मोठे साहेब. माझ्याकडे किरकोळ खातं. पायरी, घंटा आणि दिवा."

दिव्यापाशी आले की ते गप्प व्हायचे. पुढचं मला तिसऱ्या की चौथ्या खेपेला कळलं.

एका पहाटे चाचणीला गाडी मक्याच्या शेतांमधून चालली होती. दोन्हीकडे नुसता मका, वर दव, आणि गाडीचा आवाज इतका कमी की पाखरंसुद्धा उडेनात. सर पुढे ड्रायव्हरजवळ होते. शेतातल्या वाटेवर एक ट्रक आला. ड्रायव्हरने भोंगा दिला. ट्रकवाल्याने गाडीकडे चक्क पाहिलं आणि ट्रक रुळांवर घातला. ट्रकची शेपूट सुटली आणि गाडी गेली. मध्ये किती जागा राहिली हे सरांनी कधी सांगितलं नाही. दोन्ही तळहात एकमेकांना लावून दाखवायचे.

गाडी बरीच पुढे जाऊन थांबली. सर उतरून रुळांवरून मागे चालत गेले. ट्रकवाला शेतकरी ट्रकच्या पायरीवर बसला होता. शिवी नाही, आरडाओरडा नाही. तो सरांना एवढंच म्हणाला की गाडी मला दिसली होती, पण ती येताना दिसली नाही.

"समजतंय का?" सर मला विचारायचे. "समोरून सरळ येणारी वस्तू हलताना दिसत नाही. दिवा आपला तिथंच. जरासा मोठा होतो, एवढंच. त्या माणसाने आयुष्यभर त्या वाटेवर संथ मालगाड्या पाहिलेल्या. त्याच्या डोळ्यांना त्यांचं येणं माहीत होतं. हिचं नव्हतं. गाडी रुळावर आली म्हणजे आली, असं नसतं. तिथल्या माणसाला ती येताना दिसली पाहिजे. मग आली."

तिथल्या जुन्या इंजिनांवर एक हलणारा दिवा असायचा. मोटरीवर फिरणारा, अंधारात आणि धुक्यात आडवा आठ काढणारा. या गाडीला तो लावला नव्हता, कारण गाडीच्या पुढच्या निमुळत्या नाकाचा आकार बिघडतो. किरकोळ खात्याच्या माणसाने हट्ट धरला. "त्या सुंदर नाकाला भोक पाडायला लावलं मी. ज्याने ते नाक रेखाटलं होतं तो युरोपातून आलेला माणूस माझ्याशी पुढे बोलला नाही. बरोबर होतं त्याचं." आणि बोट निघायचं आठाच्या वाटेला.

मला खरं सांगायचं तर ही गोष्ट ऐकून राग यायचा. तिकडच्या एका ट्रकवाल्यासाठी गाडीचं नाक कापतात आणि आमच्या वस्तीला एक बांबूचं फाटक मिळत नाही! मी हे बोलूनही दाखवायची. सर म्हणायचे, "त्याच ट्रकवाल्यासाठी आलो ना परत. इथं तो पायी चालतो, एवढंच."

डिझेल इंजिन आलं ते पावसाळा संपल्यावर. तोवर सरांनी सगळ्यांना सांगून झालं होतं की आता धुराकडे बघू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आणि सगळे रुळांशी आले की मान वर करून चिंचेकडेच बघत होते. सवय मानेत असते, डोक्यात नाही. पहिल्याच आठवड्यात एक बकरी गेली, मग एका माणसाच्या सायकलचं मागचं चाक. तो माणूस उडी मारून वाचला आणि रुळांशेजारी बसून म्हणत राहिला, "धूर नोता बाप्पा, धूर नोता."

सर मायच्या मागे-मागे चालायला लागले. ती खराटा घेऊन निघाली की दहा पावलं मागे हे, मफलर गुंडाळून. रुळांशी पोचले की पुढे होऊन तिचा दंड धरायचे. ती हात झटकायची.

"मी काय लहान पोरगी हाओ? सोड!"

"माय, गाडी आता गुपचूप येते."

"धूर कुठी हाये? धूर नाई तं गाडी नाई. तू घरी जा, तुले कॉलेज हाये."

अख्खी वस्ती दारात उभी राहून हा तमाशा बघायची. मी सरांना म्हटलं, तुम्ही तिला रोज कुठवर धरणार? ते म्हणाले, "हाच प्रश्न आहे. मी एका मायचा हात धरीन. बाकीच्यांचं काय? फाटक मिळेल तेव्हा मिळेल, तू भांडत राहा. तोवर मी किरकोळ खातं बघतो."

त्यानंतरचा महिना सर जागेपणी स्वप्नात चालत होते. सायकल काढून अमरावती रोडने वाडीला गेले. तिथे ट्रकांच्या गोदामांमागे भंगारवाले बसतात. मीही सोबत होते, पत्रकं वाटायला. सरांना ट्रकच्या वायपरची मोटर हवी होती.

"कौनसी गाड़ी है मास्टरजी?" भंगारवाल्याने विचारलं.

"गाड़ी नहीं है."

"तो काँच किसका पोंछेंगे?"

"काँच भी नहीं है. सिर्फ़ वाइपर हिलना चाहिए."

भंगारवाला माझ्याकडे बघायला लागला. मी पत्रक त्याच्या हातात दिलं. त्यातलं त्याने काय वाचलं कोण जाणे, पण मोटर पुसून दिली आणि वर एक तुटका हेडलाईटही. वायपर नुसता डावीउजवीकडे हलतो. त्याला वरखाली हलवायचं म्हणून सरांनी इतवारीतल्या भांड्यांच्या गल्लीतून पितळी चकती कापून आणली, मध्यापासून जरा सरकवून भोक पाडलेली. मग एका संध्याकाळी ओट्यावर बॅटरी जोडली. समोरच्या भिंतीवर प्रकाशाचा एक मोठा आळसावलेला आठ फिरायला लागला. गल्लीतली पोरं त्याच्या मागे धावली. सरांची बायको दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. म्हणाली, "झालं ना एकदाचं बोट बाहेर?"

रेल्वेच्या वरच्या ऑफिसात आम्ही दिवा घेऊनच गेलो. मी निवेदन, सर दिवा. साहेबांनी दोन्हीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, मी तेव्हा त्यांना शत्रू मानत होते तरीही. म्हणाले, "मेश्रामजी, अमेरिका की बात अमेरिका में. हमारे यहाँ भोंगा है, भोंगा काफ़ी है."

मी टेबलावर हात आपटला. "आमच्या बायांचे कान तुमच्या शहराला कापड विणता विणता गेले! भोंगा कुणाला वाजवता?"

सर खिडकीतून बाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "एक सकाळ द्या. फक्त एक. नाही पटलं तर दिवा मी घरी घेऊन जाईन, भिंतीवर छान दिसतो."

साहेब हसले. "पर एक बात है. सारी बस्ती को पता रहेगा कि आज ट्रायल है, सब रुक जाएँगे. यह क्या ट्रायल हुआ? जिसे कुछ पता न हो, वह रुके तो मैं मानूँ."

सरांचं हवेतलं बोट थांबलं. ते पहिल्यांदाच मध्येच थांबलेलं मी पाहिलं.

परत येताना ते सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "वस्तीत ज्याला सांगितलं तरी कळत नाही असं एकच माणूस आहे." मी म्हटलं, सर, हे करू नका. ते म्हणाले, "रोज करतेच आहे ती. मी नसलो तर उद्याही करेल." मग त्यांनी ठरवून दिलं: गाडी अगदी सावकाश येईल, ते स्वतः इंजिनात ड्रायव्हरजवळ असतील, त्याचा हात ब्रेकवर असेल. आणि मी तान्हाबाईच्या मागे, पदर हाताला लागेल एवढ्या अंतरावर. "पण तिने पाय रुळांत टाकल्याशिवाय धरायचं नाही. धरलंस तर काही कळणार नाही."

त्या सकाळी धुकं कमरेइतकं होतं. साहेब कानटोपी घालून बाजूच्या बाभळीखाली उभे. वस्ती घरांच्या दारांत उभी, श्वास धरून, आणि हसूही आवरत. तान्हाबाई खराटा घेऊन निघाली. मागे वळून एकदा बघितलं, पोरगा मागे नाही. मला म्हणाली, "आज झोपला वाटते बुवा. बरं झालं." लांबून भोंगा वाजला. साहेबांनी मान वळवली, मी वळवली, तान्हाबाईची मान इकडे हलली, तिकडे हलली आणि परत सरळ झाली. रुळांशी आली. मान वर केली. चिंचेच्या शेंड्यावर नुसतं गुलाबी आभाळ. तिने पाय उचलला.

माझा हात तिच्या पदरापर्यंत गेला होता.

पाय खाली आला तो रुळांच्या अलीकडे. ती डोळे बारीक करून धुक्यात बघत होती. धुक्यात पिवळ्या उजेडाचा एक आठ पडल्या-पडल्या फिरत होता. डावीकडे वळसा, मध्ये छेद, उजवीकडे वळसा. गाडी दिसतच नव्हती. नुसता तो हलता उजेड, आणि तो मोठा होत येत होता.

"थांब वं," तान्हाबाई मला म्हणाली. "कोणीतरी कंदील हालवून येऊन राह्यलं. बोलावून राह्यलं पाह्य."

आणि थांबली. खराटा टेकवून, कुणी ओळखीचं येत असल्यासारखी. गाडी आली, आमच्यासमोरून सावकाश गेली. इंजिनाच्या दारात सर उभे होते, दांडी घट्ट धरून, चेहरा कागदासारखा. तान्हाबाईने त्यांना पाहिलं आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अबे! कॉलेज सोडून गाडीत काहून बसला रे?"

साहेबांनी कानटोपी काढली. तो दिवा त्यांनी त्या इंजिनावर राहू दिला.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. शोकसभेतल्यांना ठाऊक असती तर त्यांनी इथेच संपवली असती, टाळ्या घेऊन. पण दिवा एका इंजिनावर होता आणि लाईनवर इंजिनं बदलत असत. पुढे साहेबांची बदली झाली. मग ते इंजिन दुरुस्तीला गेलं आणि बिनदिव्याचं परत आलं. विचारलं तर उत्तर मिळालं, की अशी वस्तू नियमात नाही. फाटकाच्या अर्जाला उत्तर आलं, की या वाटेवर तेवढी वर्दळ नाही. मी पेटले. नवं पत्रक काढलं, मोर्चा काढला, ऑफिसच्या दारात बसलो, पोलिसांनी उचललं. फाटक अजून नाही. हे ठळक अक्षरात छापा अशी संपादकांना माझी विनंती आहे: फाटक अजून नाही.

मी सरांवरही चिडले होते. इतकं होऊन हा माणूस ओरडत का नाही? दिवा काढल्याचं सांगायला मी गेले तेव्हा ते ओट्यावर मोटर उघडून बसले होते, तेल घालत. म्हणाले, "तिला आठ कळला ना? धुरासारखा कळला. आता तो तिथं असला पाहिजे, बस. गाडीवर नाही तर नाही." मला त्याचा अर्थ लागला नाही. मोर्चाची घाई होती.

त्यानंतर माझं काम खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कामगार वसाहतीत सुरू झालं आणि वस्तीत जाणं कमी झालं. एका हिवाळ्यात, सर गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात, पहाटेच्या पहिल्या छोट्या गाडीने मी निघाले होते. डब्यात शाली गुंडाळलेली माणसं पेंगत होती. मी दारात बसले होते, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा, गारठ्याने नाक बधिर झालेलं. बाहेर धुकं असं होतं की जमीन नसून गाडी दुधातूनच चालली आहे असं वाटावं. वस्ती आली असणार, एवढं अंदाजानं कळत होतं.

आणि पुढे धुक्यात तो दिसला. आडवा आठ. रुळांच्या कडेला, माणसाच्या उंचीवर, सावकाश फिरत होता. आजवर तो मी गाडीवर बघितला होता, आता गाडीतून बघत होते. गाडीतूनही तो तसाच दिसतो, कुणीतरी बोलावत असल्यासारखा. क्षणभर मला खरंच वाटलं की उतरावं.

गाडी जवळ आली तसा माणूस उमटला. तपकिरी मफलर, जरासा पुढे वाकलेला, हातात साधा कंदील. खांदा दुखत असावा, डाव्या हाताने उजवं कोपर धरलं होतं. पण आठ मोडत नव्हता. पलीकडे वाटेवर सायकलवाले पाय टेकून उभे, डबे घेतलेल्या बायका उभ्या, आणि सगळ्यांच्या पुढे खराटा टेकवून तान्हाबाई. कुणाचीही मान वर नव्हती.

मी हात हलवला. "सर!" म्हणून ओरडले. आवाज चाकांत गेला. त्यांनी पाहिलं नाही. ज्या माणसाने सगळं आयुष्य येणाऱ्या गाडीची स्वप्नं पाहण्यात घालवलं, तो हातभर अंतरावरून जाणाऱ्या गाडीकडे पाठ करून उभा होता. तो मायच्या पायांकडे बघत होता.